तेमूजिनला उद्याचे काही ठाऊक नाही: मंगोल साम्राज्याच्या उदयावर कादंबरी लिहिताना

चार वर्षांपासून आपण चंगीझखानाच्या, म्हणजे मूळच्या तेमूजिनच्या, उदयावर मराठी कादंबरी लिहीत आहात. साडेतीनशे पाने झाली आहेत आणि ती वाचलेल्या मित्रांच्या दोन तक्रारी आहेत. नावे बदलली तर ही शिवकालीन कादंबरी वाटेल, ही एक. आणि नायक मोठा वाटतो पण जिवंत वाटत नाही, ही दुसरी. त्यावर आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: अजून किती वाचन करावे, मंगोलियाला न जाता हे लिहिता येईल का, आणि थोरला मुलगा जोची याच्या जन्माचा वादग्रस्त प्रश्न कसा हाताळावा. मी बावीस वर्षे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत आहे आणि त्यांपैकी एक याच प्रदेशावरची, याच काळातली आहे. ती दोनदा पूर्ण लिहून मला बाजूला ठेवावी लागली आणि तिसऱ्या वेळी उभी राहिली. म्हणून आपल्या प्रश्नांचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपण कळवलेला आराखडा वाचल्यावर मला अडचण माहितीची वाटत नाही. माहिती आपल्याकडे भरपूर आहे. कादंबरी १२२७ मध्ये, मृत्युशय्येवरच्या चंगीझखानापासून सुरू होते आणि मग तो आपले आयुष्य आठवतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोन्ही तक्रारींचे मूळ येथेच आहे. पहिल्याच पानावर साम्राज्य उभे राहिले आहे. त्यामुळे पुढे सावत्र भावाशी एका माशावरून भांडणारा मुलगा येतो, तेव्हाही वाचकाला त्याच्या डोक्यावर छत्र दिसते. त्याची उपासमार ही थोर पुरुषाची कसोटी होते, त्याची भीती ही पुढच्या पराक्रमाची पूर्वतयारी होते, आणि त्याचा गुन्हाही विधिलिखिताच्या खाती जमा होतो. उदयाची कादंबरी लिहिणाऱ्याला सगळ्यांत कठीण जाते ते हेच, की आपल्याला ठाऊक असलेला शेवट पात्रांपासून आणि शक्य तितका स्वतःपासूनही दूर ठेवायचा. यापुढे मी जे काही सुचवणार आहे, ते या एकाच गोष्टीसाठी आहे.

प्रथम कालमर्यादा. आपण जन्मापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे साधारण ११६२ ते १२२७ असा पट घेतला आहे. जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ११६२ सर्वसाधारणपणे धरले जाते. मी आपल्या जागी असतो तर १२०६ ला थांबलो असतो. त्या वर्षी ओनोन नदीच्या उगमाजवळ कुरुलताई, म्हणजे प्रमुखांची सभा, भरली आणि तेमूजिनला चंगीझखान ही पदवी मिळाली. त्यानंतर १२०९ ची शी-श्या या शेजारच्या राज्यावरची स्वारी, १२११ पासूनचे उत्तर चीनमधील जिन राज्याशी युद्ध, १२१५ मध्ये पडलेली जिनांची राजधानी झोंगदू, १२१९ पासून मध्य आशियातील ख्वारझमची मोहीम ही सारी विस्ताराची कथा आहे. विस्तारात शत्रू परके असतात, शहरे असतात, वेढे असतात, आकडे असतात. उदयात शत्रू आपल्याच रक्ताचे असतात. ज्याच्याशी लहानपणी बर्फावर सांध्याची हाडे खेळलो, तोच समोर सैन्य घेऊन उभा असतो. कादंबरीला हे दुसरे अधिक मानवते. १२०६ ला थांबण्यात आणखी एक लाभ आहे. आपल्या वाचकाला परिचित असलेले ‘चंगीझ’ हे नाव कादंबरीत शेवटच्या प्रकरणापर्यंत उच्चारावेच लागणार नाही. साडेतीनशे पाने तो तेमूजिनच राहील, आणि एवढ्याने निम्मे छत्र गळून पडेल. अर्थात, प्रकाशकाने आपल्याकडे संपूर्ण चरित्रात्मक कादंबरीच मागितली असेल, तर हा निर्णय आपल्या हातात नाही; तसे असेल तर निदान दोन खंड करावेत आणि पहिल्या खंडाला दुसऱ्याची चाहूल लागू देऊ नये.

आता साधनांविषयी, कारण ‘किती वाचावे’ या प्रश्नापेक्षा ‘कोणते कसे वाचावे’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. या काळासाठी खरा आधार एकच आहे: ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’. तो मंगोलांनी स्वतःसाठी, चंगीझखानाच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच रचला. आपल्यापर्यंत तो चिनी अक्षरांत ध्वनिशः उतरवलेल्या रूपात आला, आणि १८६६ मध्ये पेकिंगमधील रशियन धर्मगुरू पल्लादी यांनी त्याचे रशियन भाषांतर प्रसिद्ध केल्यावर बाहेरच्या जगाला त्याचा परिचय झाला. जुवैनी आणि रशीदुद्दीन हे फारसी इतिहासकार त्यानंतरचे, आणि दोघेही इराणमधील मंगोल राजवटीच्या सेवेत होते. मिन्हाज-उस-सिराज जुझजानी हा तर मंगोल स्वाऱ्यांमुळे घोर सोडून हिंदुस्थानात आला आणि १२६० च्या सुमारास दिल्लीत ‘तबकात-ए-नासिरी’ लिहून पुरी करता झाला. त्याच्या शब्दांत निर्वासिताचा संताप आहे. जुवैनी, रशीदुद्दीन आणि जुझजानी हे तिघेही साम्राज्य पाहून लिहीत आहेत. गुप्त इतिहासाचा कर्ताही साम्राज्यातलाच आहे, पण त्याला तळावरच्या जुन्या आठवणी ठाऊक आहेत आणि त्यातल्या लाजिरवाण्या गोष्टी त्याने पुसलेल्या नाहीत.

एक उदाहरण देतो. तेमूजिनचा बाप येसूगेई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला बोर्तेशी सोयरीक ठरवून तिच्या बापाकडे, देई सेचेनकडे, ठेवून निघतो. निघताना तो व्याह्याला सांगतो, की माझा मुलगा कुत्र्यांना भितो, त्याला कुत्र्यांचे भय वाटू देऊ नका. पुढे जगाने ज्याला भ्यावे अशा माणसाविषयीची ही ओळ आहे आणि ती त्याच्याच घराण्याच्या ग्रंथात आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ती वगळली होती, कारण ती मला नायकाला शोभत नाही असे वाटले. आज मला वाटते, की साऱ्या ग्रंथातून एकच ओळ निवडायची असती तर हीच निवडावी. तो बाप परतीच्या वाटेवर तातार या वैरी जमातीच्या मेजवानीला थांबतो, तेथे त्याला विष दिले जाते, आणि पुन्हा मुलाची भेट होत नाही. मुलाविषयी त्याने व्याह्यांना सांगितलेली अखेरची गोष्ट कुत्र्यांची आहे.

साधने एकमेकांशी जुळत नाहीत तेथे कादंबरीकाराने गोंधळू नये, तेथेच जागा सापडते. ११८७ च्या सुमारास दालान बालजुतला तेमूजिन आणि त्याचा अंदा, म्हणजे शपथेचा भाऊ, जामुखा यांच्यात लढाई झाली. गुप्त इतिहास म्हणतो की जामुखा वरचढ ठरला आणि परतताना त्याने कैद्यांना सत्तर कढयांत उकळून मारले. रशीदुद्दीन म्हणतो की तेमूजिन जिंकला, आणि कढयाही त्याच्याच नावावर घालतो. त्यानंतर ११९६ मध्ये जिनांच्या तातारांविरुद्धच्या मोहिमेत तेमूजिन पुन्हा दिसेपर्यंतची जवळजवळ दहा वर्षे गुप्त इतिहासातून गायबच आहेत. तो पराभूत होऊन जिनांच्या आश्रयाला किंवा कैदेत होता, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या आराखड्यात ही दहा वर्षे ‘सैन्य उभारणी’ या दोन शब्दांत आली आहेत. मला हे फार खटकले. ज्या माणसाचा शेवट आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या आयुष्यातली ही दहा वर्षे म्हणजे संपलेला माणूस असतो. ज्याच्या नावाने तळावर कोणी गवताची जागा सोडत नाही असा माणूस. ती दहा वर्षे त्याच्या आईने, बायकोने, भावांनी कशी काढली हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. कादंबरी तेवढ्यासाठीच असते.

यावरून दृष्टिकोनाचा मुद्दा येतो. आपण कथन तेमूजिनच्या मनातून केले आहे. ते अशक्य नाही, पण माझ्या अनुभवात ते जवळजवळ नेहमीच बिघडते, कारण त्याच्या मनात शिरलो की लेखक त्याला योजना करायला लावतो. गुप्त इतिहासात तो बहुतेक बाहेरूनच दिसतो: पळतो, लपतो, रडतो, चिडतो, आईकडे किंवा बोर्तेकडे वळून आता काय करावे असे विचारतो. जामुखापासून वेगळे व्हायचा निर्णय बोर्तेच्या सांगण्यावरून झाला, असे तो ग्रंथ सरळ सांगतो. कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हे आपल्याला काय सांगायचे आहे त्यावर ठरेल. भाऊबंदकीची कथा सांगायची असेल तर होएलून, म्हणजे आई, हीच योग्य. ती स्वतः येसूगेईने मेर्कित जमातीच्या माणसापासून पळवून आणलेली, नवऱ्याच्या मृत्यूनंतर ताइचिउत कुळातल्या भाऊबंदांनी टाकून दिलेली, आणि रानातली फळे व मुळे खणून मुले जगवणारी आहे. मैत्रीची कथा असेल तर त्याचा पोरवयापासूनचा सोबती बोओर्चू. मी स्वतः देगेई नावाचा मेंढपाळ निवडला. तेमूजिनला त्याच्या मोजक्या अनुयायांनी पहिल्यांदा खान म्हटले, तेव्हा कामांची वाटणी झाली: स्वयंपाक कोणी पाहायचा, गाडे कोणी सांभाळायचे, घोडे कोणी राखायचे. मेंढ्या देगेईकडे आल्या. १२०६ मध्ये तोच मेंढपाळ हजार घरांचा प्रमुख नेमला गेला, आणि गाडे करणारा त्याचा सोबती गुचुगुर याचाही तसाच सन्मान झाला. मधल्या वर्षांतील देगेईविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, म्हणून मला मोकळीक मिळाली. आणि मेंढ्या राखणाऱ्याला साम्राज्य दिसत नाही, त्याला पाऊस, गवत आणि लांडगे दिसतात.

देगेईचे हे उदाहरण केवळ सोयीसाठी दिलेले नाही. उदय म्हणजे नेमके काय घडले, याचे उत्तर त्यात आहे. तेमूजिनच्या आधीही त्या प्रदेशात शूर पुरुष होते, मोठे खान होते, आणि त्याच्यापेक्षा कुलीन तर कितीतरी होते. पण त्या समाजात माणूस कोणाच्या हाडाचा, म्हणजे कोणत्या कुळाचा, यावर त्याची जागा ठरत असे. तेमूजिनला त्याच्या हाडाच्या माणसांनी टाकले; मदत केली ती परक्यांनी. पळून जाताना मानेत लाकडी खोडा अडकलेला असताना नदीच्या पाण्यात लपलेल्या त्या मुलाला सोरखान शिराने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. चोरीला गेलेले आठ घोडे शोधताना वाटेत घोड्यांचे दूध काढत असलेला बोओर्चू हातातली भांडी तेथेच टाकून, घरी न सांगता, अनोळखी मुलाबरोबर निघाला, आणि घोडे मिळाल्यावर वाटा घेईना. जेल्मे हा लोहाराचा मुलगा. अशा माणसांना मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणत, म्हणजे आपण होऊन निवडलेला सोबती. शेवटी १२०६ मध्ये हजार-हजारांची ९५ पथके बांधताना जुन्या कुळांची सरमिसळ केली गेली आणि त्यांवर हे सोबती नेमले गेले. हाडापासून सोबतीपर्यंतचा हा प्रवास आपल्या कादंबरीचा कणा व्हायला हवा. तो सनावळीने दिसणार नाही. कोण कोणाच्या शेजारी जेवायला बसतो आणि कोणाला आधी वाढले जाते, यावरून दिसेल. आधी वाढण्याच्या मानावरून त्या तळांवर खरोखरच भांडणे झालेली आहेत.

आता भाषा, म्हणजे मित्रांची पहिली तक्रार. तिच्याबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण मराठीत लिहिणाऱ्यालाच ही अडचण येते. आपल्या ऐतिहासिक कादंबरीची भाषा घडली ती मराठेशाहीवर. तख्त, दरबार, मुजरा, खलिता, सरदार, हुजूर हे शब्द हाताशी तयार असतात आणि लिहिताना आपोआप येतात. ते टाळण्यासाठी लेखक संस्कृताकडे वळतो आणि सम्राट, महाराणी, सेनापती, राजाज्ञा असे लिहू लागतो. मग मंगोल लोक पौराणिक नाटकात उभे असल्यासारखे वाटतात. दोन्ही भाषा राज्य झालेल्या माणसांच्या आहेत. तेमूजिनच्या तारुण्यात तेथे तख्त नव्हते, दरबार नव्हता, नगर नव्हते. मंगोलांची राजधानी काराकोरम त्याचा मुलगा ओगेदेई याच्या काळात, १२३५ मध्ये उभी राहिली. खलिता असणेही शक्य नाही, कारण १२०४ मध्ये पश्चिमेकडच्या नैमान जमातीच्या पाडावात तातातुंगा हा उइघूर मुद्राधारी हाती लागेपर्यंत या मंगोलांना लिपीच नव्हती. निरोप पाठांतराने जात. दूत लांबच लांब यमकबद्ध संदेश घोकून घेई आणि समोरच्यासमोर म्हणून दाखवी. आपल्या हस्तलिखितात केरेयित जमातीच्या तोघरूल खानाला तेमूजिन पत्र लिहितो असा प्रसंग आहे. तेथे पत्र काढून दूताच्या तोंडी निरोप घालून पाहा. वाटेत तो निरोप कसा घोकला, कोठे अडखळला, ऐकणाऱ्यांपैकी कोणी मान खाली घातली, असा अख्खा प्रसंग आपोआप उभा राहील.

शब्दांच्या बाबतीत एक विलक्षण गुंता आपल्या वाट्याला आला आहे. मराठीतले काही शब्द मुळात याच गवताळ प्रदेशातून तुर्की-फारसीमार्गे आपल्याकडे आले आहेत. आपला ‘नोकर’ हा तो ‘नोकोर’च. ‘बहाद्दर’ हा येसूगेईच्या नावापुढे लागणारा ‘बाआतुर’. ‘दारोगा’ हाही मंगोल ‘दारुगा’पासून आलेला. पण येताना या शब्दांचे अर्थ बदलले. बोओर्चूला नोकर म्हटले तर सगळेच उलटे होईल. ‘खान’ या शब्दाची तर आणखी अडचण आहे. मराठी वाचकाच्या मनात खान म्हटले की अफजलखान, शाहिस्तेखान उभे राहतात आणि तेमूजिन मुसलमान होता असा समज होतो; ‘मोगल’ या शब्दाने तो समज पक्का होतो, कारण बाबर आईकडून चंगीझखानाच्या वंशातला होता आणि मोगल हे नाव मंगोलवरूनच आले. तेमूजिन तेंगरीला, म्हणजे शाश्वत निळ्या आकाशाला, आणि बुरखान खालदून पर्वताला भजणारा होता. हे प्रस्तावनेत सांगून भागत नाही. मेर्कितांच्या हल्ल्यातून वाचल्यावर तो कमरपट्टा गळ्यात अडकवून, टोपी हातावर घेऊन, सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा गुडघे टेकतो, तो प्रसंग पहिल्या शंभर पानांत आला की वाचकाचा गैरसमज न सांगता दूर होतो.

मग भाषा आणायची कोठून? मला ती धनगरांच्या वाड्यावर मिळाली. दिवाळीनंतर माणदेशातून कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढपाळांबरोबर मी दोन हंगाम थोडा थोडा चाललो. बिऱ्हाड, तळ, वाघर, कोकरू, शिंगरू, लोकर कातरणे, मेंढरे बसवणे, पाणवठा, चराईचा हक्क हे शब्द राज्य नसलेल्या आणि जनावरांबरोबर हलणाऱ्या माणसांचे आहेत, आणि ते अस्सल मराठी आहेत. घोड्यांच्या बाबतीत तर मराठ्यांच्या घोडदळामुळे आपल्याकडे खोगीर, रिकीब, कुमाईत, अबलख अशी समृद्ध शब्दसंपत्ती आहे. ती निर्धास्तपणे वापरावी, कारण मंगोल माणूस घोडा नावाने क्वचित आणि रंगाने नेहमी ओळखतो. एक पथ्य मात्र पाळावे. मी धनगरी नामे घेतली, धनगरी बोली घेतली नाही. पात्रांच्या तोंडी माणदेशी हेल घातला असता तर ओनोनच्या काठावर म्हसवडची जत्रा भरली असती. संवाद साधे, छोटे, प्रमाण मराठीतले ठेवावेत. मुलगा आईला ‘आई’ म्हणेल, थोरल्याला ‘दादा’ म्हणायला हरकत नाही, पण तेमूजिनला त्याच्या सोबत्यांनी ‘आपण’ म्हणू नये. निदान १२०६ पर्यंत तरी नाही. आपल्या हस्तलिखितात बोओर्चू पहिल्याच भेटीत त्याला आदरार्थी बोलतो. तेरा वर्षांचा मुलगा आपल्या वयाच्या, दमलेल्या, घोडे हरवलेल्या मुलाशी असे बोलेल का?

मंगोलियाला जावे का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पैसा, रजा आणि प्रकृती अनुकूल असेल तर जरूर जावे, आणि जमल्यास वसंताच्या सुरुवातीला जावे, कारण तेव्हा जनावरे हाडांवर आलेली असतात आणि त्या जीवनातली खरी भीती दिसते. पण तेथे न गेल्यामुळे होणाऱ्या चुकांपेक्षा पाहिलेल्या चित्रांमुळे होणाऱ्या चुका अधिक असतात. आपल्या पहिल्या भागात तीन ठिकाणी वाळू आहे. तेमूजिनचे बालपण गोबीच्या वाळवंटात गेलेले नाही. ओनोन, केरुलेन आणि तूल या तिन्ही नद्या खेंती पर्वतराजीत उगम पावतात. तेथे लार्चची झाडी आहे, दलदल आहे, मासे आहेत, म्हणूनच तो माशाचा प्रसंग घडू शकतो. तसेच सरसकट दुधाचा चहा पिणारे मंगोल, घरोघर बौद्ध लामा, बटाटा, तंबाखू या पुढच्या शतकांतल्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचे आयराग, हिवाळ्यात मांस, चुलीत वाळलेले शेण, आणि गेरचे, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूचे, दार दक्षिणेला, एवढे नीट पाळले तरी घर उभे राहते. ऋतू मात्र प्रत्येक प्रसंगात ठरवून घ्यावा, कारण तेथे राजकारणही ऋतूवर चालते. १२०४ मध्ये नैमानांवर निघालेल्या मंगोलांचे घोडे इतके रोड होते, की त्यांपैकी एक सुटून शत्रूच्या हाती लागला आणि ते पाहून शत्रूला धीर आला. तेव्हा रात्री प्रत्येक माणसाने पाच-पाच शेकोट्या पेटवायच्या असे ठरले. घोड्याच्या फासळ्यांवरून युद्धाची युक्ती ठरते, ती अशी.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृक्षवलयांच्या अभ्यासाचा उल्लेख आपण केला आहे, तो योग्य आहे, पण आपण त्याचा काळ चुकीच्या जागी लावला आहे. त्या अभ्यासानुसार १२११ ते १२२५ ही वर्षे असाधारण ओलसर आणि उबदार होती, म्हणजे गवत आणि घोडे भरपूर. ते विस्ताराच्या काळाचे स्पष्टीकरण होऊ शकते. तेमूजिनच्या तरुणपणीचा काळ त्याच अभ्यासात कोरडा दिसतो. आपल्या पहिल्या दोनशे पानांतली हिरवीगार कुरणे सुकवावी लागतील.

जोचीबद्दल. मेर्कितांनी बोर्तेला पळवून नेले, काही महिन्यांनी तोघरूल आणि जामुखा यांच्या मदतीने तेमूजिनने तिला सोडवून आणले, आणि त्यानंतर जोची जन्मला. गुप्त इतिहास जन्माच्या वेळी गप्प राहतो, पण पुढे ख्वारझमच्या मोहिमेआधी धाकटा भाऊ चगताई बापासमोर जोचीला मेर्कितांचा म्हणतो, तो प्रसंग सविस्तर देतो. रशीदुद्दीन मात्र बोर्ते आधीच गरोदर होती आणि मेर्कितांनी तिला मानाने तोघरूलकडे पाठवले असे सांगतो. ती राजघराण्याची अब्रू सांभाळण्याची सारवासारव दिसते. आपण विचारता, खरा बाप कोण हे कादंबरीने सांगावे का. माझे स्पष्ट मत आहे की सांगू नये, कारण तेमूजिनलाही ते ठाऊक नव्हते आणि बहुधा बोर्तेलाही नसावे. आपण लेखक म्हणून उत्तर दिले की त्या दोघांचे त्यानंतरचे सारे आयुष्य खोटे होते. त्याने त्या मुलाला थोरला म्हणून मांडीवर घेतले, एवढेच ठाऊक आहे, आणि तेवढेच प्रचंड आहे. या प्रकरणात बोर्तेचे पळवणे आपण दोन ओळींत आणि सुटकेची लढाई बावीस पानांत लिहिली आहे. हे प्रमाण उलटे करा. पहाटे हल्ला झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांना घोडे मिळाले, बोर्तेला मिळाला नाही. म्हातारी खोआखचिन तिला झाकलेल्या गाड्यात लपवून बैल हाकत निघाली. वाटेत अडवले तेव्हा, मी मोठ्या घरी मेंढ्या कातरायला गेले होते, असे तिने सांगितले. ते शिपाई पुढे गेलेही, पण घाईने हाकताना गाड्याचा आस मोडला. आणि त्या वेळी तेमूजिन पर्वताकडे निघून गेला होता. त्याने बायकोला मागे सोडले हे ग्रंथ लपवत नाही. आपणही लपवू नये.

त्याच न्यायाने १२०२ चा तातारांचा संहारही लिहावा. गाड्याच्या चाकाला अडवून धरणाऱ्या खिळीशी मोजून, तिच्यापेक्षा उंच भरेल त्या प्रत्येक पुरुषाला मारायचे असा निर्णय घरच्या बैठकीत झाला. आपल्या मजकुरात ही घटना ‘तातारांचा बीमोड’ अशी आली आहे. बापाच्या विषाचा सूड म्हणून वाचकाने समाधान मानावे अशी त्या शब्दाची योजना आहे, आणि ती मला मान्य नाही. खिळीपाशी उभ्या केलेल्या एका मुलाच्या उंचीचा प्रसंग लिहा. नायकाबद्दलची आपली ओढ त्यानंतरही टिकली, तर ती खरी.

येथवर सांगितलेले थोडक्यात असे: १२०६ ला थांबावे, मृत्युशय्या काढून टाकावी, कथन तेमूजिनच्या मनातून बाहेर आणावे, भाषा दरबारातून तळावर न्यावी, आणि आणखी वाचन करण्याऐवजी गुप्त इतिहास पुन्हा एकदा, या वेळी फक्त वस्तू टिपत वाचावा.

लिखाण पुन्हा कोठून सुरू करावे असे विचाराल, तर एक प्रसंग सुचवतो. खोडा अडकवलेला तेमूजिन पळून सोरखान शिराच्या घरी येतो. अंधारात त्याला ते घर सापडते कारण तेथे रात्रभर आयराग घुसळले जात असते आणि तो आवाज त्याला ठाऊक असतो. बाप घाबरतो आणि त्याला घालवून देऊ पाहतो. मुलगे ऐकत नाहीत. ते खोडा तोडून जाळतात आणि मुलाला लोकरीच्या गाड्यात दडवून त्याच्याकडे पाहायला आपली बहीण खादाआन हिला बसवतात. तिसऱ्या दिवशी झडती येते, लोकर उपसली जाऊ लागते, आणि बाप म्हणतो, एवढ्या उन्हाळ्यात लोकरीत कोणी जिवंत राहील का. शोधणारे निघून गेल्यावर तो त्या मुलाला एक घोडी, शिजवलेले कोकरू, धनुष्य आणि दोन बाण देतो. खोगीर देत नाही, चकमकही देत नाही. का देत नाही, हे ग्रंथ सांगत नाही. खोगीर ओळखले गेले असते आणि विस्तवाचा धूर दिसला असता, असे मला वाटते. आपल्याला वेगळे वाटेल. हा प्रसंग आपल्या हस्तलिखितात दीड पानाचा आहे आणि तेमूजिनच्या बाजूने, लोकरीच्या आतून लिहिलेला आहे. तो खादाआनच्या बाजूने, गाड्याच्या बाहेरून, पंधरा पानांत लिहून पाहा. तिला एवढेच ठाऊक आहे की लोकरीखाली कोणातरी दुसऱ्याच्या घरचा मुलगा आहे, तो सापडला तर तिचे सगळे घर मारले जाईल, आणि त्याला तहान लागली असणार.